कळा आईच्या, हिशेब कुणाचा?

‘बाळंतपण म्हटलं की दुखणारच, सोसायचं.’ राणीसावरगाव असो की परभणी, वस्तीत आजही हेच ऐकू येतं. पण दुःख आहे एवढंच सांगून तथागत थांबले नाहीत. दुःखाचं कारण आणि ते दूर करण्याचा मार्गही त्यांनी सांगितला. बाळंतिणीच्या कळांकडेही आपण तसंच पाहावं, असं आम्ही म्हणतो.

इंग्लंड, स्वीडनसारख्या देशांत कळ आली की बाईला नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मा-निम्मा मिसळून नळीतून ओढायला देतात. कळ थांबत नाही, पण सोसवते. मात्र हा नायट्रस ऑक्साइड हवेत शंभर वर्षांहून जास्त टिकतो आणि तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून ‘पृथ्वीसाठी हा वायू टाळावा का?’ असा प्रश्न तिकडे बायांपुढे येतो आहे.

हा भार आईवर टाकणं आम्हाला मान्य नाही. माणसामुळे हवेत जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा सर्वांत मोठा वाटा शेतीतून, युरियासारख्या खतांतून येतो. स्कॉटलंडच्या रुग्णालयांत तपासलं, तर भुलीसाठीचा बराचसा वायू रुग्णापर्यंत न पोचता नळांतूनच गळत होता. स्वीडनमध्ये काही प्रसूतिगृहांत वापरलेला वायू गोळा करून नष्ट करणारी यंत्रं आहेत. म्हणजे गळती थांबवणं हे दवाखान्याचं काम आहे. त्यासाठी बाईने कळा सोसायच्या नाहीत.

आपल्याकडची गोष्ट तर त्याही अलीकडची आहे. उन्हाचा, दुष्काळाचा मार खाणाऱ्या मजूर, ऊसतोड बायांना ‘कळा कमी करायला काय देऊ?’ असं सहसा कुणी विचारतच नाही. म्हणून आपणच विचारायचं.

- नाव नोंदवतानाच विचारा : कळा कमी करण्याची काय सोय आहे? पाठीत इंजेक्शन देऊन कळा कमी करता येतात, पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो. ही सोय मोठ्या दवाखान्यातच मिळू शकते.
- सोबतीला आई, सासू किंवा जाऊ राहू द्या म्हणा. सरकारी दवाखान्यात अशी सोबत द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे.
- चालणं, कुशीवर झोपणं, कंबर चोळणं, सोसवेल इतपत गरम शेक, संथ श्वास यांनीही आराम पडतो.
- घरी कुणाकडूनही ‘कळा वाढवायची सुई’ घेऊ नका. तिने दुखणं कमी होत नाही, उलट गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि वाहन २०११ पासून मोफत आहे. पैसे मागितले तर लेखी तक्रार करा.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती. आईचा आराम हा हक्क आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. कळांपासून आराम मागणंही त्याच हक्कात बसतं. तायांनो, लाजू नका, मागा.

जय भीम!