खुल्या सॉफ्टवेअरला कुलूप कोण लावतो?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि कापड व्यापाऱ्यांची वही हळूहळू संगणकात गेली. आज दिघोरीसारख्या गावातल्या दुकानदारालाही बिल, शिल्लक थानांची मोजणी आणि उधारीचे खाते पडद्यावर पाहावे लागते. हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे तर दरसाल पैसे भरणे आले. मग कोणी जाणता मुलगा सांगतो, "चाचा, ओपन सोर्सचे घ्या, त्याला पैसे पडत नाहीत." हे ऐकून व्यापाऱ्याच्या मनात येणारी पहिली शंका पैशाची नसते. ज्या तिजोरीच्या कुलपाचा नकाशा भर बाजारात टांगला आहे, त्या तिजोरीत आपला गल्ला कोण ठेवील?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे.

ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, ज्याला कोड म्हणतात, तो कोणालाही वाचता येतो, आपल्या संगणकावर उतरवता येतो आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलून वापरता येतो. परंतु वाचण्याची मुभा वेगळी आणि मूळ प्रतीत हात घालण्याची मुभा वेगळी. आपल्या विदर्भात करवती काठाची साडी कशी विणतात हे विणकरांत कोणाचे गुपित नाही. म्हणून एकाच्या मागावर दुसरा येऊन धोटा फेकू शकत नाही. ओपन सोर्सचा कारभार असाच आहे. पाहायला सर्वांना परवानगी, बदल सुचवायलाही सर्वांना परवानगी, पण तो बदल मूळ प्रतीत चढवण्याचा अधिकार मोजक्या जबाबदार माणसांच्या हाती असतो.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. त्यासाठी माल, खरेदी, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारी व्यवस्था हवी होती. त्या खटाटोपातून पुढे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर निघाले. त्यासाठी त्यांनी २००८ साली कंपनी काढली, जी आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. या सॉफ्टवेअरचा सारा कोड खुला आहे. अट एवढीच, की ज्याने त्यात फेरफार करून ते पुढे दुसऱ्याला दिले, त्याने आपला फेरफारही त्याच अटीवर खुला ठेवावा. घेतले तसे पुढे द्यावे, असा हा करार आहे. जीएसटीचे नियम सांभाळणारा त्याचा भागसुद्धा कंपनीबाहेरच्या एका चमूने तयार केला आहे.

आता सुरक्षेकडे येऊ. समजा एखाद्या मुलाला असे आढळले, की या सॉफ्टवेअरमध्ये एका जागी विशिष्ट मजकूर टाकला तर दुसऱ्याचे खाते उघडते. त्याने काय करावे? साधा दोष असेल, म्हणजे बेरीज चुकते, छपाई वाकडी येते, तर तो चारचौघांत नोंदवायचा असतो, म्हणजे इतरांनाही कळते. पण चोरीची वाट सापडली तर रीत नेमकी उलट आहे. ती चावडीवर सांगायची नाही, सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसांना खाजगीत कळवायची. फ्रॅपेचा नियम हाच आहे आणि जगातल्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांतही हीच वहिवाट आहे. कारण साधे आहे. शेजाऱ्याच्या दुकानाची मागची कडी मोडलेली दिसली तर आपण आठवडी बाजारात ओरडून सांगत नाही, शेजाऱ्याच्या कानात सांगतो.

कानात सांगितल्यावर प्रकल्पवाल्यांनी काय करायचे तेही ठरलेले असते. निरोप पोहोचला असे कळवणे, दोष खरा आहे का ते पडताळणे, तो किती घातक आहे ते ठरवणे, गुपचूप दुरुस्ती करणे आणि दुरुस्त आवृत्ती लोकांच्या हाती आली की मग सारे जाहीर करणे. जाहीर करताना त्या दोषाला एक जागतिक क्रमांक मिळतो. त्याला सीव्हीई म्हणतात आणि ही पद्धत १९९९ पासून चालू आहे. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्थाही असे क्रमांक देऊ शकते. ज्याने दोष दाखवला त्याचे नाव जाहीर सूचनेत सन्मानाने लिहिले जाते. काही ठिकाणी रोख इनामही असते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेने २००४ साली गंभीर दोषाला पाचशे डॉलर देण्यास सुरुवात केली. किती दिवस गप्प राहायचे यालाही मर्यादा आहे. पुष्कळ ठिकाणी नव्वद दिवस धरतात, म्हणजे प्रकल्पवाल्याने झोपून राहू नये.

आपला दोष छापून जाहीर करणे आपल्याकडे बदनामीचे वाटते. बंद सॉफ्टवेअरचे काही विक्रेतेही तसेच मानतात आणि गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे काही कळत नाही. मला विचाराल तर ज्या दुकानदाराने स्वतः होऊन सांगितले की या थानाचा रंग जातो, बदलून न्या, त्याच्याकडून मी पुन्हा माल घेईन.

तरी या साऱ्याला एक दुबळी बाजू आहे, आणि ती २०२४ साली जगाला दिसली.

एक्सझेड नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर आहे. फाइल दाबून लहान करणे एवढेच त्याचे काम, पण लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असते. त्याचा कारभार लासे कॉलिन नावाचा एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२१ मध्ये जिया टॅन असे नाव सांगणारा एक जण मदतीला आला. काम चांगले करी. पुढे २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे टुमणे लावले, की काम मंद चालले आहे, तुम्ही थकला आहात, दुसऱ्याला सोबत घ्या. कॉलिन यांची तब्येत खरेच ठीक नव्हती, तसे त्यांनी सांगितलेही. हळूहळू किल्ल्या जिया टॅनच्या हाती गेल्या. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला, ज्यातून दूरवर बसून दुसऱ्याच्या यंत्रात शिरता आले असते.

पकडले कोणी? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो आपले दुसरेच काम करत होता. त्याला दिसले, की यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने कारण खणून काढले. आधी संबंधितांना खाजगीत कळवले आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांसमोर मांडले. बहुतेक ठिकाणी ती आवृत्ती अजून चाचणीतच होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. जिया टॅन कोण, हे आजवर उघड झालेले नाही.

आपल्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. नवा गुमास्ता दोन वर्षे इमानाने राबतो, मालक आजारी पडतो, भोवतालचे चार जण म्हणतात की किल्ली त्याच्याकडे द्या, आणि ते चार जण त्याचेच निघतात. बाजारात हे डाव जुने आहेत. कोड खुला नसता तर फ्रॉइंड यांना त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढणे फार कठीण गेले असते, हे खरे. पण कोड खुला असूनही तो वाचणारे डोळे नव्हते आणि दुकान एकट्या थकलेल्या माणसावर सोडले होते, हेही तेवढेच खरे. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' नावाचा घातक दोष सापडला तेव्हाही हेच दिसले होते. सारे जग ज्यावर पैशाचे व्यवहार करत होते, त्या सॉफ्टवेअरला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलरच्या देणग्या येत होत्या.

म्हणूनच हे प्रकल्प नव्या माणसांना सतत बोलावतात. सांभाळणारे हात वाढले तरच सुरक्षा टिकते. आत येण्याची रीत आपल्या उस्ताद-शागीर्दाच्या रीतीसारखी आहे. नवख्याने आधी लहान काम उचलावे: एखादा शब्द चुकला आहे, मदतीचे पान अपुरे आहे, एक किरकोळ दोष आहे. तो आपला बदल मांडतो, जुना जाणकार ओळ न् ओळ तपासतो, संगणकही आपोआप चाचण्या लावतो. चुकले तर परत पाठवतात, कारण लिहून. अशी वीस-पंचवीस कामे हातावेगळी झाली की माणसाची पत बनते, आणि बऱ्याच काळाने त्याला इतरांचे काम तपासण्याचा अधिकार मिळतो. पदवी, गाव, आडनाव कोणी विचारत नाही. एक्सझेडच्या प्रकारानंतर मात्र, किल्ली एकाच्या हाती नसावी आणि एकाचा बदल दुसऱ्याने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, याबद्दल सगळीकडे जास्त खबरदारी घेतली जाऊ लागली.

फुकट या शब्दाने व्यापाऱ्याने फसू नये. सॉफ्टवेअरला किंमत नसली तरी ते बसवणारा, रोज त्याची दुसरी प्रत काढून ठेवणारा आणि नवी आवृत्ती आली की चढवणारा माणूस लागतो, आणि त्याचे पैसे द्यावेच लागतात. दोष जाहीर झाला की तो चोरालाही कळतो. त्या दिवसापासून जुनी आवृत्ती चालवणारा दुकानदार उघड्या दारात झोपलेला असतो. जुन्या आवृत्त्यांना काही वर्षांनी दुरुस्ती मिळणेही बंद होते. तेव्हा कोणी मुलगा असे सॉफ्टवेअर बसवून देत असेल तर त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: सुरक्षेच्या सूचना तू कुठे वाचतोस, आणि शेवटची आवृत्ती कोणत्या महिन्यात चढवलीस? उत्तर अडखळले तर काम दुसऱ्याला द्यावे.

आणि घरात संगणक शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना भाषांतरापासून सुरुवात करता येते. ईआरपीनेक्स्टच्या भाषांतरांत मराठी आणि उर्दू दोन्हींना जागा आहे. 'लेजर'ला खतावणी म्हणायचे, की खाते, की खातेवही, हे मुंबई-बंगळुरूच्या अभियंत्याला कसे कळावे? ते गांधीबागेत माल घेणाऱ्याच्या घरातल्या पोराला कळते.