विद्यार्थी लघुपटातील रंगभूषा, दृश्यपरिणाम आणि प्रकाशयोजना : एक विवेचन

प्रस्तावना :
माध्यमविषयक अभ्यासक्रमांत लघुपटनिर्मिती हा प्रात्यक्षिकाचा महत्त्वाचा भाग असतो. जखम, रक्त, वार्धक्य, भय असे प्रसंग या लघुपटांत वारंवार येतात. ते संगणकावर नंतर निर्माण करण्याऐवजी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडविणे विद्यार्थ्यांना अधिक परवडते. दादासाहेब फाळके यांनी 'कालिया मर्दन' (१९१९) मधील चमत्कार असेच कॅमेरा व नेपथ्य यांच्या बळावर साकारले होते. रंगभूषा, दृश्यपरिणाम आणि प्रकाश यांचा विचार एकत्रितपणेच का करावा लागतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रकाश आणि रंग :
प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या एका लघुपटात रात्रीच्या प्रसंगासाठी दिव्यांवर निळा जिलेटिन कागद लावला होता. दिवसाउजेडी खरे वाटलेले रक्त चित्रीकरणात डांबरासारखे काळे दिसले आणि तो प्रसंग वगळावा लागला. दोष रंगाचा नव्हता. पूर्वचाचणी न घेण्याचा होता. लाल पदार्थ मुख्यतः लाल प्रकाशच परावर्तित करतो. निळ्या प्रकाशात परावर्तनासाठी लाल घटकच अत्यल्प असल्याने तो काळा भासतो. याउलट लाल प्रकाशात रक्त आणि त्वचा यांतील भेदच पुसट होतो. कृष्णधवल 'सायको' (१९६०) या चित्रपटात रक्तासाठी चॉकलेटचे सिरप वापरले गेले, कारण तेथे रंगापेक्षा गडदपणा आणि दाटपणा महत्त्वाचा होता.

रंगीत चित्रीकरणासाठी साखरेचा दाट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर यांचे मिश्रण उपयोगी पडते. केवळ लाल रंगाचे रक्त सरबतासारखे दिसते. कोकोमुळे त्याला आवश्यक तपकिरी छटा येते.

जखमेची रंगभूषा :
टिश्यू पेपरचे तुकडे आणि द्रवरूप लॅटेक्स यांचे पातळ थर एकावर एक देऊन, वाळल्यावर मध्ये चीर पाडल्यास जखमेचा उंचवटा तयार होतो. मात्र समोरून येणाऱ्या सपाट प्रकाशात हा उंचवटा नाहीसा होतो. बाजूने येणाऱ्या प्रकाशात त्याच्या कडांच्या सावल्या पडतात व जखम खोल वाटते. लॅटेक्सची काहींना ॲलर्जी असते. म्हणून आदल्या दिवशी हाताच्या आतील बाजूस थोडे लावून पाहावे. डोळे, भुवया आणि केस यांवर ते लावू नये.

अल्प साधनांतील प्रकाशयोजना :
सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) मधील बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरे कापड ताणून, दिव्यांचा प्रकाश त्यावरून परावर्तित केला आणि आकाशातून येणाऱ्या मृदू उजेडाचा आभास निर्माण केला. विद्यार्थ्यांना हेच तत्त्व पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा वापरून साधता येते. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केल्यास प्रकाश सुमारे एकचतुर्थांश होतो, हा नियमही लक्षात ठेवावा. दिवा थोडा सरकवूनही प्रसंगाचा भाव बदलतो. टंगस्टन दिव्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्व्हिन, तर दिवसाचा सुमारे ५६०० केल्व्हिन असतो. दोन्ही नकळत मिसळल्यास त्वचेचा रंग बिघडतो. म्हणून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित न ठेवता निश्चित करावा.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१. रंगभूषेची चाचणी प्रत्यक्ष चित्रीकरणातील दिवे आणि कॅमेरा वापरूनच घ्यावी.
२. दिव्यांजवळ कापड वा थर्माकोल ठेवताना आगीचा धोका लक्षात घेऊन पुरेसे अंतर राखावे.
३. सार्वजनिक ठिकाणी रक्ताचा प्रसंग चित्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी व परिसरातील लोकांना कल्पना द्यावी.

पडद्यावरील जखम खरी वाटली पाहिजे. परंतु ती साकारताना कोणा सहाध्यायास खरी इजा होता कामा नये. ही जाणीव हाही चित्रपटशिक्षणाचाच भाग होय.