उसाच्या ट्रॅक्टरवरचे हादरे कसे मोजतात

करमाळा तालुक्यातल्या जेऊर भागात उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, तशी गळीत हंगामात डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची वर्दळही वाढली. चालकाची कंबर धरली की दोष वयाला नाहीतर थंडीला दिला जातो. पण सीटमधून अंगात शिरणारा हादरा मोजता येतो, आणि तो मोजायलाच हवा.

बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या एक्सलला स्प्रिंग नसते. धक्का झेलायला टायर आणि सीट, एवढंच. शिवाय सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी वर-खाली कंपनं बसलेल्या माणसाच्या अंगाला सगळ्यात जास्त बाधतात.

मोजणीसाठी सीटवर रबराची चपटी चकती ठेवतात आणि चालक तिच्यावर बसतो. चकतीतला सेन्सर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचा प्रवेग टिपतो. आयएसओ २६३१ या मानकाप्रमाणे जास्त बाधणाऱ्या कंपनांना जास्त वजन देतात आणि आडव्या दोन्ही दिशांचे आकडे १.४ ने गुणतात. तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा धरायचा.

खरी चूक होते ती वेळ धरताना. चालक म्हणतो, ‘रात्रभर ट्रॅक्टरवरच होतो.’ त्यातले कितीतरी तास कारखान्याच्या आवारात, इंजिन बंद करून, नंबरची वाट बघण्यात जातात. ते झोप मोडतात, जीव थकवतात. तरी या हिशेबात येत नाहीत. म्हणून मोजणाऱ्याने घड्याळ घेऊन एक अख्खी खेप करावी. फडातून सरीवरून बाहेर पडणं, भरल्या ट्रॉल्यांचा डांबरी रस्ता, रिकामं परतणं, प्रत्येकाची वेळ वेगळी लिहावी.

समजा, भरलेल्या फेऱ्यांचे चार तास आणि आकडा ०.६, रिकाम्या परतीचे तीन तास आणि आकडा १.०. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून तासांनी गुणायचं: १.४४ आणि ३. बेरीज ४.४४. तिला आठने भागून वर्गमूळ काढलं की येतात सुमारे ०.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबाने ०.५ ओलांडलं की मालकाने उपाय करायचे, १.१५ ही शेवटची हद्द.

बेरजेतला दोन तृतीयांश वाटा रिकाम्या परतीचा आहे, हे बघा. परतीचा वेग कमी करून आकडा ०.७ वर आणला, तर तीनऐवजी चार तास लागूनही एकूण आकडा ०.६५ वर येतो. खड्ड्यातला एखादा जबर दणका मात्र सरासरीत दडतो; त्यासाठी वर्गाऐवजी चौथा घात घेणारी वेगळी मोजणी करतात.

ट्रॅक्टरमालकांनो, हंगामाआधी इंजिन ऑइल बदलता, तेव्हाच सीटची स्प्रिंग तपासा, वजनाचा नॉब असेल तर तो चालकाच्या वजनाला लावून द्या, आणि परतीच्या खेपेला घाई करू नका, असं त्याला तुम्हीच सांगा.