आकार बदलणारी जाळी : कापडापासून संगणकापर्यंत

सुरतेच्या यंत्रमागावर विणलेले साधे कापड ही वास्तविक एक जाळी आहे. तिचे उभे व आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. धाग्यांच्या दिशेने ओढल्यास असे कापड फारसे ताणले जात नाही. उरेब म्हणजे तिरके ओढले, तर मात्र सहज लांबते आणि मध्ये अरुंद होते. धाग्यांची लांबी कायम राहते, त्यांच्यातील कोन तेवढा बदलतो. शिंप्याला नित्य परिचित असलेली ही गोष्ट आकार बदलणाऱ्या जाळीदार रचना समजून घेण्यास उपयोगी पडते. प्रस्तुत लेखात या रचनांचे मूलतत्त्व मांडले आहे.

कागद चेंडूवर गुंडाळला की सुरकुत्या पडतात. याचे कारण जर्मन गणिती गाउस यांच्या १८२७ च्या सिद्धांतात सापडते. पृष्ठभागावरील सर्व अंतरे जशीच्या तशी ठेवून सपाट पृष्ठाला गोलाचा बाक देता येत नाही. म्हणून सपाट जाळीला फुगवटा द्यायचा असेल, तर तिच्या काड्यांमधील कोन तरी बदलले पाहिजेत, नाही तर काड्यांची टोके जवळ किंवा दूर सरकली पाहिजेत.

पहिल्या मार्गाचा अभ्यास रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी केला. १८७८ मध्ये पॅरिस येथे त्यांनी कपड्यांच्या कापणीवर व्याख्यान दिले आणि कापड गोलावर बसताना त्याचे चौकोन कसे तिरके होतात याचे गणित मांडले. याच मार्गाचे अलीकडील उदाहरण कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे आहे. इराणमधील खर्राकान येथे अकराव्या शतकातील दोन मकबऱ्यांचे मनोरे आहेत. त्यांच्या विटकामातील भौमितिक नक्षीवरून रफसंजानी व पासिनी यांनी २०१६ मध्ये रबराच्या पत्र्यात चिरा कापल्या. तो पत्रा एका दिशेने ओढला की त्यातील तुकडे फिरतात, पत्रा दोन्ही दिशांनी रुंदावतो आणि सोडल्यावरही तसाच राहतो.

दुसऱ्या मार्गासाठी थरावर थर रचून वस्तू घडविण्याचे तंत्र, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग, उपयोगी पडते. दागिन्यांच्या कारखान्यांत ओतकामासाठी मेणाचे नमुने याच तंत्राने तयार करतात. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जेनिफर लुईस, एल. महादेवन व सहकाऱ्यांनी चार प्रकारच्या मिश्रणांची सपाट जाळी छापली. तिची प्रत्येक काडी कमानीसारखी वाकडी असून तिच्यात उष्णतेने कमी-अधिक प्रसरण पावणारे पदार्थ शेजारी शेजारी जोडलेले असतात. तापमान बदलले की काडीचा बाक कमी-जास्त होतो आणि तिच्या टोकांमधील अंतर बदलते. काही काड्या लांबल्या, काही आखडल्या, की जाळी आपोआप उठाव घेते. या संशोधकांनी सपाट जाळीतून खुद्द गाउस यांचा चेहरा साकारला.

येथे संगणकाचे कार्य उलट दिशेचे असते. अंतिम आकार ठरलेला असतो. प्रत्येक काडीचा सुरुवातीचा बाक किती आणि कोणता पदार्थ कोठे, हे त्यावरून मागे येत काढावे लागते. कापड कसे बसेल हे आधी ओळखून मग कात्री चालविणारा शिंपीही याच क्रमाने विचार करतो.

सुरतेत महापालिकेच्या मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्यांतून महाविद्यालयात येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी माग, शिलाई किंवा जरीचे काम चालते. इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर हेच विद्यार्थी स्वतःला अडाणी समजू लागतात. अध्यापकांनी वर्गात एक चेंडू, एक कागद आणि एक हातरुमाल न्यावा. दोन्ही चेंडूवर बसवून पाहण्यास सांगावे आणि रुमालाच्या विणीतील चौकोनांचे काय झाले, हे विद्यार्थ्यांना त्यांच्या घरच्या भाषेत सांगू द्यावे. गाउस यांचे नाव त्यानंतर घेतले तरी चालेल. आपल्या हाताला जे ठाऊक आहे तेही गणितच आहे, हे विद्यार्थ्याला उमगले, तर पुढील इंग्रजी शब्दांची भीती बरीच कमी होईल.