शुभारंभाची तारीख आणि प्रणालीची तयारी

कायद्याने मंजूर झालेली योजना नागरिकांच्या पदरात पडण्यापूर्वी आज तिला बहुधा एका संगणकप्रणालीतून जावे लागते, आणि ती प्रणाली जनतेसाठी खुली होण्याच्या दिवसाचे नियोजन हा प्रशासनातील महत्त्वाचा, पण बराच दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. या नियोजनात काय चुकू शकते, याचे सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ होय.

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी मार्च २०१० मध्ये ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ या आरोग्यविम्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. विमा विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रत्येक राज्याने स्वतःची ऑनलाइन बाजारपेठ उभारावी किंवा केंद्राची वापरावी, अशी सोय त्यात होती, आणि आरंभी ३६ राज्यांची भिस्त केंद्राच्या संकेतस्थळावर राहिली. अर्जदाराची ओळख पटवणे, त्याच्या उत्पन्नाची सरकारी खात्यांकडील नोंदींशी पडताळणी करणे, त्यावरून अनुदानाची पात्रता ठरवणे आणि शेवटी त्याची माहिती विमा कंपनीकडे अचूक पोहोचवणे ही सर्व कामे या संकेतस्थळाला एकाच ओघात करावयाची होती.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी संकेतस्थळ खुले झाले आणि लाखो लोकांच्या गर्दीपुढे काही तासांतच हतबल झाले. पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण झाल्याचे अंतर्गत टिपणांवरून पुढे उघड झाले. गर्दी अपेक्षेपेक्षा मोठी होती हे खरे असले, तरी ती नेमकी कोठे तुंबली हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. नाव न नोंदवता विमायोजनांची तुलना करण्याची सोय ऐनवेळी वगळण्यात आल्यामुळे नुसती चौकशी करू पाहणाऱ्यालाही आधी खाते उघडावे लागत होते, आणि त्यामुळे सगळा लोंढा खाते उघडण्याच्या एकाच अरुंद दारावर येऊन धडकला. तारीख सांभाळण्यासाठी स्पॅनिश आवृत्ती आणि लहान उद्योगांची ऑनलाइन नोंदणी पुढे ढकलली गेली होती. म्हणजे कामाला कात्री लावण्यास प्रशासन तयार होते, परंतु ती कोठे लावल्याने मुख्य मार्गावरील भार वाढेल, याचा विचार अपुरा पडला.

या त्रुटी आधी लक्षात न येण्यामागे कामाच्या रचनेचाही दोष होता. सुमारे ५५ कंत्राटदारांमध्ये काम विभागलेले होते, आणि त्यांचे सुटे भाग एकत्र जुळवण्याची जबाबदारी, तांत्रिक जुळणीचा फारसा अनुभव नसताना, आरोग्य खात्याच्या अखत्यारीतील संस्थेने स्वतःकडे ठेवली होती. पहिल्या पानापासून विमा कंपनीपर्यंतचा अर्जाचा सलग प्रवास तपासणारी संपूर्ण चाचणी अखेरच्या सुमारे दोन आठवड्यांवर येऊन ठेपली. इतक्या उशिरा केलेल्या चाचणीतून दोष कळतात, पण ते दुरुस्त करण्यास वेळ उरत नाही. पर्याय म्हणून दूरध्वनी आणि कागदी अर्जाचे मार्ग ठेवलेले होते खरे. मात्र त्या अर्जांची पात्रताही अखेर त्याच प्रणालीतून ठरत असल्याने मुख्य मार्ग बंद पडताच पर्यायी मार्गही खुंटले.

पुढील दुरुस्तीची सूत्रे ओबामा प्रशासनातील माजी अधिकारी जेफ्री झायंट्स यांच्याकडे सोपवण्यात आली. एका कंपनीला मुख्य कंत्राटदार नेमून सर्वांच्या कामाचा मेळ घालण्याची जबाबदारी तिच्यावर टाकण्यात आली, संपूर्ण प्रणालीवर अखंड नजर ठेवणारी साधने बसवण्यात आली आणि दोषांचा प्राधान्यक्रम रोजच्या बैठकांत ठरू लागला. नोव्हेंबरअखेर चारशेहून अधिक दोष दूर झाले. पान उघडण्यास लागणारा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला आणि एकाच वेळी ५० हजार वापरकर्ते सामावण्याची क्षमता साधल्याचे शासनाने जाहीर केले. गर्दीच्या वेळी लोकांना थोपवून नंतर बोलावणारी रांगेची व्यवस्थाही आली. पहिल्या नोंदणी हंगामाअखेर राज्यांच्या आणि केंद्राच्या बाजारपेठा मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमायोजना निवडल्या. ज्या उपायांनी ही घडी बसली, त्यांपैकी जवळपास सर्वच शुभारंभापूर्वी योजता आले असते.

योजनेची तारीख बहुधा कायदा किंवा राजकीय वचन ठरवते आणि ती हलवणे प्रशासनाच्या हाती नसते. म्हणूनच त्या तारखेला नेमके काय आणि किती जणांसाठी खुले करावयाचे, हे प्रशासनाच्या हाती राहणे अत्यावश्यक ठरते. पहिल्या दिवशी केवळ माहिती आणि तुलना, नंतर मर्यादित प्रदेशातील नोंदणी आणि शेवटी सर्वांना प्रवेश असे टप्पे आखता येतात. मात्र पुढच्या टप्प्यासाठी कोणती चाचणी उत्तीर्ण व्हावी, हे आधी लिहून ठेवणे आणि ती न झाल्यास ‘अजून नाही’ असे सांगण्याचा अधिकार एका नेमक्या अधिकाऱ्याला देणे, या दोन गोष्टी नसतील तर ते टप्पे कागदावरच राहतात.