ओठ ग्रहणाने फाटत नाही

जगात साधारण 700 बाळांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येते. महाराष्ट्राचा जन्मदर 2020 मध्ये हजारी 15 होता आणि श्रीगोंदा तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांवर आहे. हिशोब मांडला तर तालुक्यात वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास जन्म आणि त्यांत अशी सहा-सात बाळे, असा ढोबळ अंदाज निघतो. अशा घरांत पहिला प्रश्न बहुधा बाळंतिणीलाच विचारला जातो : ग्रहणात काही चिरलंस का? विळी हातात घेतली होतीस का?

ओठ जुळतो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. दिवस गेल्याचे नीट कळेपर्यंत ओठाचे काम बहुतेक उरकलेले असते.

हे काम चालवते कोण? माणसाच्या डीएनएत सुमारे 320 कोटी अक्षरे आहेत. जनुके सुमारे 20 हजार, आणि प्रथिने घडवणारा मजकूर 2 टक्क्यांहूनही कमी. उरलेल्या भागाला पूर्वी सर्रास कचरा म्हटले जाई. एन्हान्सर नावाचे तुकडे बहुतेक याच भागात असतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखे ते दूर बसून जनुकाचा वेग ठरवतात : कुठल्या पेशीत, कधी आणि किती.

2013 मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात, उंदराचा चेहरा घडवण्यात भाग घेत असावेत असे 4,000 हून अधिक एन्हान्सर सापडले. त्यांतले बहुसंख्य माणसातही निदान अंशतः तसेच आहेत. त्यांतले 200 हून अधिक एन्हान्सर उंदरांच्या गर्भात प्रत्यक्ष तपासले गेले. मग तीन एन्हान्सर एकेक करून काढून टाकले. जनुके शाबूत होती, तरी शेजारच्या जनुकांचे काम बदलले आणि कवटीची व चेहऱ्याची ठेवण ठरावीक जागी बदलली. फरक इतका बारीक, की तो सीटी स्कॅनच्या मोजमापातूनच हाती लागला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते : चेहरा अशा लहान लहान वाट्यांनी घडतो.

कधी मात्र हा वाटा महागात पडतो. माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर 6 लाख 40 हजार अक्षरांचा, जनुक नसलेला एक पट्टा आहे. तिथले फरक दुभंगलेल्या ओठाशी जोडले गेले आहेत. उंदरातला तसाच पट्टा काढल्यावर चेहऱ्याची ठेवण किंचित बदलली आणि मोजक्या पिलांचे ओठ दुभंगले, असे 2014 मध्ये दिसले. सगळ्या पिलांचे नाही, हे महत्त्वाचे. त्याआधी, 2008 मध्ये, आयआरएफ-6 या जनुकाच्या एन्हान्सरमधील एका अक्षराचा बदल माणसात हा धोका वाढवतो असे आढळले होते. तो बदल अंगात असूनही ओठ नीट असलेली माणसे पुष्कळ आहेत. गरोदरपणातील धूम्रपान आणि फिट्सवरची काही औषधेही धोका वाढवतात. म्हणून अशी औषधे चालू असतील तर मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

ग्रहणाचा आणि विळीचा यात कुठेही हात नाही. बाळाच्या आईला दोष देणे अन्यायाचे आहे, आणि त्या बोलण्यात उपचाराचे महिने वाया जातात. ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचे असताना, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांचे असताना होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट असून उपचार मोफत आहेत. घरात असे बाळ असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत आजच सांगा.