मानेच्या शस्त्रक्रियेनंतरची खांदेदुखी

मानेच्या मणक्यांवरील शस्त्रक्रियेनंतर खांद्यात किंवा खांद्याच्या पात्याभोवती आठवडे वा महिने टिकून राहणारी वेदना, हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. वेदना राहिली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असे नव्हे. मात्र तिचे मूळ मानेत आहे की खांद्यात, हे ठरल्यावाचून योग्य उपचार होऊ शकत नाहीत.

शरीररचना

मानेत 7 मणके असतात आणि तेथून चेतांच्या (नसांच्या) 8 जोड्या बाहेर पडतात. चौथ्या व पाचव्या मणक्यांमधून निघणारी पाचवी चेता हात बाजूने वर उचलणाऱ्या स्नायूला प्रेरणा देते, तसेच खांद्याच्या बाहेरील भागाची संवेदना वाहून नेते. म्हणूनच मानेतील बिघाड खांद्यात जाणवतो.

कारणे

स्नायूंची इजा : पाठीमागून शस्त्रक्रिया करताना मणक्यांना जोडलेले स्नायू बाजूला सारावे लागतात. ते भरून येईपर्यंत मान व खांदे जड होतात, ठणकतात.

पाचव्या चेतेचा पक्षाघात : मज्जारज्जूवरील दाब काढल्यानंतर काही तासांत ते काही आठवड्यांत हात उचलण्याची शक्ती कमी होते, सोबत वेदना असू शकते. दाब सुटताच मज्जारज्जू किंचित मागे सरकून चेतेचे मूळ ताणले जाते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. मात्र त्यावर एकमत नाही.

गोठलेला खांदा : भीतीपोटी हात न हलवल्यास सांध्याचे आवरण आखडू शकते.

जुना विकार : खांद्याच्या स्नायूबंधांची झीज आधीपासून असूनही मानदुखीमुळे ती झाकली गेलेली असते.

निदान

मान वळवल्यावर वेदना वाढत असल्यास मूळ मानेत, तर हात फिरवल्यावर किंवा त्या कुशीवर झोपल्यावर वाढत असल्यास खांद्यात असण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर सांधा आखडलेला असतो. दुसऱ्याने उचलल्यास जातो, पण स्वतःला उचलता येत नाही, तेव्हा चेता किंवा स्नायूबंध दुबळा झालेला असतो. गरजेनुसार क्ष-किरण, एमआरआय व चेतावहन तपासणी करतात.

उपचार

शल्यविशारदाच्या अनुमतीने लवकर सुरू केलेला व्यायाम व वेदनाशामके हे मुख्य उपचार होत. पाचव्या चेतेचा पक्षाघात बहुतेक रुग्णांत काही महिन्यांत ओसरतो. काहींना वर्षाहून अधिक काळ लागतो. हातापायांत नव्याने आलेला अशक्तपणा, ताप, जखमेतून स्राव किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.